मैदानातली शिवी आणि पुराव्याचं माप

एका खेळाडूने दुसऱ्याला रंगावरून, वंशावरून किंवा धर्मावरून शिवी दिल्याचा आरोप होतो. ज्याच्यावर आरोप आहे तो म्हणतो, मी असं काही बोललोच नाही. पंच दूर उभा असतो आणि प्रेक्षकांचा गोंगाट चालू असतो. स्टंपमधल्या माइकने काही पकडलेलं नसतं, पकडलेलं असलंच तर अर्धवट असतं. अशा वेळी शिस्तपालन समितीने काय करायचं? एकाच्या शब्दावर दुसऱ्याला दोषी ठरवायचं, की पुरावा नाही म्हणून तक्रार फाइलबंद करायची?

हा प्रश्न आपल्याला दोन्ही बाजूंनी भिडतो. धर्मावरून टोमणे ऐकणाऱ्यांत आपली मुलं असतात. ऐकीव आरोपावरून ज्यांची बदनामी होते, त्यांतही आपली माणसं असतात. त्यामुळे आज आपला खेळाडू तक्रारदार आहे म्हणून पुराव्याचं माप खाली आणा आणि उद्या तो आरोपी झाला की वर न्या, ही सोय आपल्याला परवडणारी नाही. माप एकच हवं. ते कसं असावं, हे काही खऱ्या प्रकरणांवरून तपासता येतं.

आधी मापांची ओळख करून घेऊ. फौजदारी न्यायालयात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात शक्यतेचा तोल पाहतात, म्हणजे घडलं असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त वाटली तरी पुरतं. खेळाच्या लवादांनी या दोन्हींच्या मधलं एक माप रूढ केलं आहे. आरोप किती गंभीर आहे हे लक्षात घेऊन निर्णय देणाऱ्याची मनापासून खात्री पटली पाहिजे, असं ते माप. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या आचारसंहितेत तर सरकती पट्टीच आहे. किरकोळ आगळीक असेल तर शक्यतेचा तोल पुरतो, सर्वांत गंभीर आरोपासाठी पट्टी थेट वाजवी संशयापलीकडे जाते.

सॉफ्टवेअरच्या कामात हा पेच रोजचा आहे. ईमेलचा स्पॅम फिल्टर फार कडक ठेवला तर नोकरीचं पत्रही कचऱ्यात जातं आणि फार सैल ठेवला तर लॉटरीच्या भुलथापा इनबॉक्समध्ये येतात. एकही चूक होणार नाही असा आकडा अस्तित्वात नाही. कोणती चूक जास्त महाग पडते, हे ठरवूनच रेषा आखावी लागते. शिवीच्या सुनावणीत निर्दोषाला शिक्षा होणं ही एक चूक आणि खऱ्या तक्रारदाराला खोटं पाडणं ही दुसरी. यातल्या पहिल्या चुकीवर आपण भरपूर बोलतो. दुसरीची किंमत मात्र हिशेबात धरली जात नाही, कारण तो खेळाडू बहुतेक वेळा गप्पपणे खेळ सोडून देतो.

आपल्या सर्वांना आठवणारं प्रकरण सिडनीचं. जानेवारी २००८ च्या कसोटीत हरभजन सिंगने अँड्र्यू सायमंड्सला ‘माकड’ म्हटल्याचा आरोप झाला. कसोटी संपल्यावर त्याच रात्री सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी सुनावणी घेतली आणि तीन कसोटींची बंदी घातली. ऑस्ट्रेलियाच्या काही खेळाडूंनी तो शब्द ऐकल्याचं सांगितलं होतं. दुसऱ्या टोकाला फलंदाजी करणाऱ्या सचिन तेंडुलकरने तो ऐकला नव्हता. पुढे अ‍ॅडलेडमध्ये न्यूझीलंडचे न्यायाधीश जॉन हॅन्सन यांच्यासमोर अपील चाललं. तेंडुलकरने सांगितलं की हरभजनने हिंदीतली, आईवरून दिली जाणारी एक शिवी वापरली होती. माइकवर जे टिपलं गेलं होतं त्यातूनही तो वादग्रस्त शब्द मिळाला नाही. गैरसमजाची शक्यता उरली. वांशिक शिवीचा आरोप टिकला नाही. साध्या शिवीगाळीबद्दल सामन्याच्या मानधनाच्या निम्मी रक्कम दंड झाला.

आपल्याकडे हा निकाल विजयासारखा साजरा झाला, पण त्यातले काही धडे गैरसोयीचे आहेत. पहिला धडा असा की घटना एकच आणि साक्षीदारही बरेचसे तेच, तरी दोन निकाल वेगळे आले. मापाइतकंच महत्त्व वेळेला, वकिलांना, उलटतपासणीला आणि शांत डोक्याला असतं, हे त्यातून दिसतं. कसोटीने थकलेल्या माणसांना रात्री बसवून कुणाचंही करिअर ठरवू नये. दुसरा धडा असा की मधल्या काळात भारतीय क्रिकेट मंडळाने दौऱ्यावरच प्रश्नचिन्ह लावलं होतं. हॅन्सन यांनी पुराव्यावरच निकाल दिला असेल, पण जगातलं सर्वांत श्रीमंत मंडळ दारात उभं असताना तो निकाल स्वच्छ आहे हे ऑस्ट्रेलियातल्या साध्या क्रिकेटप्रेमीला पटणं अवघड होतं. न्याय झालेला दिसलाही पाहिजे, हे वाक्य आपण इतरांना नेहमी ऐकवतो.

तिसरा धडा माझ्या व्यवसायाच्या जवळचा आहे. शिक्षा ठरवताना हरभजनची आधीची सगळी शिस्तभंगाची नोंद न्यायाधीशांपुढे आलीच नाही, आणि हे निकालानंतर उघड झालं. डेटाबेसमधली आणि माणसांची चूक, असं त्याचं कारण दिलं गेलं. पूर्ण नोंद समोर असती तर शिक्षा वेगळी झाली असती, असं हॅन्सन यांनीच नंतर म्हटलं. न्यायाच्या मोठ्या तत्त्वांवर आपण वाद घालत बसतो आणि निकाल अडतो तो नीट न ठेवलेल्या नोंदीपाशी.

आणखी एक गोष्ट विसरायची नाही. त्याआधी तीनच महिने, ऑक्टोबर २००७ मध्ये, वडोदऱ्यात आणि मग मुंबईच्या वानखेडेवर प्रेक्षकांनी सायमंड्सकडे पाहून माकडाचे आवाज काढले होते. वानखेडेवरची छायाचित्रं निघाली म्हणून ते नाकारता आलं नाही. वांशिक शिवी हा गोऱ्यांचाच रोग आहे, असं आपल्याला म्हणता येणार नाही. ती छायाचित्रं आपल्याच शहरातली होती.

आता इंग्लंडकडे वळू. १५ ऑक्टोबर २०११ रोजी लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडच्या सामन्यात लुईस सुआरेझने पॅट्रिस एव्हराला स्पॅनिशमध्ये ‘नेग्रो’ म्हटलं. तो शब्द दुसऱ्या कुणीही ऐकला नव्हता. एकदा म्हणालो, पण आमच्या उरुग्वेत तो आपुलकीचा शब्द आहे, असं सुआरेझचं म्हणणं होतं. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या आयोगाने शक्यतेच्या तोलाचं माप लावलं, मात्र आरोप जितका गंभीर तितका पुरावा भक्कम हवा, हेही बजावलं. निकाल आठ सामन्यांची बंदी आणि ४०,००० पौंड दंडाचा होता.

हा निकाल मोलाचा वाटतो तो शिक्षेमुळे नाही, त्यामागच्या ११५ पानांमुळे. आयोगाने व्हिडिओ क्षणाक्षणाने पाहिला आणि दोघांची विधानं त्याच्याशी ताडली. भांडणात सुआरेझने एव्हराच्या हाताला चिमटा काढला होता. वातावरण निवळावं म्हणून तसं केलं, हा त्याचा खुलासा चित्रफितीसमोर टिकला नाही. एव्हराने सामन्यानंतर फ्रेंच वाहिनीला तो शब्द किमान दहा वेळा ऐकल्याचं सांगितलं होतं. तो आकडा बोलण्याच्या ओघातला होता, हे त्याने सुनावणीत स्पष्ट केलं आणि आयोगाने ते तपासून मान्य केलं. उरुग्वेच्या बोलीत त्या शब्दाचे कोणते अर्थ होतात, हे भाषातज्ज्ञांना विचारलं गेलं. त्यांचं उत्तर थोडक्यात असं की मैत्रीत तो शब्द चालतो, पण भांडणात, समोरच्याला खिजवताना, त्याला आपुलकी म्हणता येत नाही. आणि विशेष म्हणजे सुआरेझ वंशद्वेष्टा आहे असं आपल्याला वाटत नाही, असं खुद्द एव्हराने सांगितलं होतं. माणसाचं काळीज उघडून पाहायची गरज नव्हती. त्या दिवशी काय बोललं गेलं, एवढंच ठरवायचं होतं.

हा अर्थाचा मुद्दा आपल्या ओळखीचा आहे. वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीने २०२० मध्ये सांगितलं की हैदराबादच्या आयपीएल संघात त्याला ‘काळू’ म्हणत. त्याचा अर्थ त्याला तेव्हा ठाऊक नव्हता आणि तो कळल्यावर संताप आला. पुढे एका सहकाऱ्याशी बोलल्यावर, तो शब्द प्रेमाने वापरला गेला होता, हे त्याने स्वीकारलं. ‘प्रेमाने म्हणतो’ हे उत्तर कधीकधी खरंही असतं. पण ते खरं आहे की नाही, हे एकट्या बोलणाऱ्याने ठरवायचं नसतं.

त्याच ऑक्टोबरात लंडनमध्ये चेल्सीच्या जॉन टेरीवर अँटन फर्डिनंडला वांशिक शिवी दिल्याचा आरोप झाला. इथे शब्द उच्चारले गेले, याबद्दल वाद नव्हता. मी असं म्हणालो असा आरोप तू करतोस का, हे विचारताना ते शब्द फक्त परत उच्चारले, असा टेरीचा बचाव होता. जुलै २०१२ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला निर्दोष सोडलं, कारण त्या बचावाची शक्यता पूर्ण पुसली जात नव्हती. सप्टेंबरमध्ये फुटबॉल संघटनेच्या आयोगाने खालचं माप लावून त्याला दोषी धरलं. शिक्षा चार सामन्यांची बंदी आणि २,२०,००० पौंड दंड अशी होती.

अनेकांना हा ढोंगीपणा वाटला. न्यायालयाने सोडलं आणि संघटनेने पकडलं, हे कसं? पण प्रश्नच वेगळे होते. न्यायालयापुढचा प्रश्न होता, शंकेला जराही जागा उरत नाही का? आयोगापुढचा प्रश्न होता, काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे? एकाच पुराव्यावर या दोन प्रश्नांची दोन प्रामाणिक उत्तरं निघू शकतात. तरी एक आकडा खटकतो. न्यायालयात दोषी ठरला असता तर टेरीला जास्तीत जास्त २,५०० पौंड दंड झाला असता. ज्या दरबारात माप सैल होतं तिथे तो ८८ पटींनी जास्त झाला. गुन्हेगार ठरण्याचा डाग पैशात मोजता येत नाही, हे मान्य. पण ‘ही तर फक्त खेळाची शिस्त’ असं म्हणून समितीला निष्काळजी राहता येत नाही. माप खालचं असेल तर तपास आणि कारणमीमांसा वरच्या दर्जाची हवी.

ती नसली की काय होतं, हे अझीम रफीकच्या प्रकरणात दिसलं. यॉर्कशायरकडून खेळलेल्या या पाकिस्तानी वंशाच्या क्रिकेटपटूने २०२० मध्ये तोंड उघडलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याने ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे दिलेली साक्ष जगाने पाहिली. त्याच्या अनेक आरोपांत तथ्य असल्याचं पुढे क्रिकेट शिस्तपालन आयोगाला आढळलं. पण सर्वांत गाजलेला आरोप मायकल वॉनवर होता. २००९ च्या एका सामन्यापूर्वी, संघातल्या चार आशियाई खेळाडूंना उद्देशून, तुम्ही फार झालात, काहीतरी करायला हवं, अशा आशयाचं वॉन बोलला, असं रफीकचं म्हणणं होतं. आदिल रशीदने त्याला दुजोरा दिला, वॉनने ठाम नकार दिला. मार्च २०२३ मध्ये आयोगाने निकाल दिला की शक्यतेच्या तोलावरही हा आरोप सिद्ध होत नाही.

आपल्यापैकी अनेकांना हा निकाल लागला. पण कारणं वाचली तर त्यात सूड दिसत नाही. चौदा वर्षं उलटली होती. नेमके शब्द कोणते, याच्या वेगवेगळ्या वेळी दिलेल्या जबाबांत मेळ नव्हता. शिवाय कुणी खोटं बोललं असा निष्कर्ष आयोगाने काढला नाही. ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘खोटं होतं’ यांत फरक आहे. तो फरक वॉनच्या चाहत्यांनी पुसला आणि आपल्यातल्या काहींनीही पुसला. त्यांनी रफीकला लबाड म्हटलं, आपण आयोगाला विकलेला म्हटलं. दोन्हींना आधार नव्हता. जिथे बोट ठेवायला हवं ती जागा वेगळीच आहे. तेव्हाच, २००९ मध्ये, एका तरुण मुस्लिम खेळाडूला ज्याच्याकडे निर्धास्तपणे जाऊन तक्रार नोंदवता येईल असं त्या क्लबात कुणी का नव्हतं? चौदा वर्षांनी पुराव्याची कमतरता ज्याला नडली, ती त्याने निर्माण केलेली नव्हती.

याच रफीकची दुसरी बाजूही आपण वाचली पाहिजे. २०११ मध्ये त्याने फेसबुकवर ज्यूंबद्दल अवमानकारक मजकूर लिहिला होता. तो उघड होताच त्याने तो आपलाच असल्याचं मान्य केलं, माफी मागितली, आणि त्याच आयोगाने २०२२ मध्ये त्याला ताकीद दिली. त्यामुळे त्याच्यावर झालेला अन्याय खोटा ठरत नाही, आणि त्याच्यावर अन्याय झाला म्हणून त्याचं लिखाण क्षम्यही ठरत नाही. एकाच माणसाच्या दोन नोंदी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. हे स्वीकारणं जमलं तर माप एक ठेवणंही जमेल.

मोहम्मद सिराजचं प्रकरण आणखी एक बारकावा शिकवतं. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीतच प्रेक्षकांतून झालेल्या शिवीगाळीची त्याने तिथल्या तिथे पंचांकडे तक्रार केली. कर्णधार अजिंक्य रहाणे त्याच्या पाठीशी उभा राहिला आणि खेळ काही मिनिटं थांबला. सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं गेलं. ऑस्ट्रेलियन मंडळाने सीसीटीव्ही, तिकिटांची माहिती आणि आसपासच्या प्रेक्षकांचे जबाब तपासले. निष्कर्ष असा निघाला की भारतीय खेळाडूंना वांशिक शिवीगाळ झाली हे खरं, पण बाहेर काढलेले ते सहाजण दोषी नाहीत. ‘काय घडलं’ आणि ‘कुणी केलं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्यासाठी हाताशी येईल त्याला धरायचं नसतं, आणि दुसऱ्याचं उत्तर सापडलं नाही म्हणून पहिलं नाकारायचंही नसतं.

सैल आरोप आपल्याच अंगावर आला की कसं वाटतं, हे वसीम जाफरला विचारा. मुंबई आणि विदर्भासाठी रणजी गाजवलेल्या या फलंदाजाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तराखंडच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा दिला. निवडीत ढवळाढवळ होते, ही त्याची तक्रार होती. त्यानंतर संघटनेच्या पदाधिकाऱ्यांच्या हवाल्याने, त्याने संघात धार्मिक भेदभाव केला, असे आरोप वर्तमानपत्रांत छापून आले. आरोपपत्र नाही, सुनावणी नाही, साक्षीदार नाही. जाफरला पत्रकारांसमोर बसून एकेका मुद्द्याला उत्तर द्यावं लागलं. ‘आरोप झाला म्हणजे काहीतरी असेलच’ हे वाक्य किती विखारी असतं, ते त्या दिवसांत आपण अनुभवलं. म्हणून ते वाक्य आपल्याही तोंडी येता कामा नये.

मग न्याय्य सुनावणीत काय हवं? एका विश्वासार्ह साक्षीवर दोष सिद्ध होऊ शकतो, हे आधी मान्य हवं. तिसऱ्याने ऐकलं असेल तरच तक्रार घेऊ, असा नियम केला तर शिवी देणाऱ्यांना वाट मोकळी होते. मार्च २०२१ मध्ये ग्लासगोत स्लाव्हिया प्रागचा ओन्द्रेय कुडेला तोंडावर हात धरून ग्लेन कमाराच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. ध्वनिमुद्रण नव्हतं, आणि वांशिक शब्द वापरल्याचं त्याने नाकारलं. तरी युरोपीय फुटबॉल संघटनेने दहा सामन्यांची बंदी घातली. लपवून बोलणं हे बचावाचं साधन ठरू देता येत नाही. मात्र साक्ष एकच असेल तर ती सगळ्या बाजूंनी तपासली पाहिजे. लगेच कुणाला सांगितलं होतं का, व्हिडिओशी ती जुळते का, आरोपीचा खुलासा त्याच कसोटीवर टिकतो का? माप आधी जाहीर हवं, आरोपीला उत्तर द्यायला वेळ हवा, आणि निकाल कारणांसह लेखी हवा. आपल्या बाजूने लागलेल्या निकालाचीही कारणं मागायची सवय आपल्याला लागली पाहिजे.

हे फक्त मोठ्या मैदानांपुरतं नाही. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, कोकणातल्या टेनिस बॉल स्पर्धा, कॉलेजचे संघ, कंपन्यांच्या लीग, सगळीकडे ‘पाकिस्तान’, जातीवरून टोमणे, ईशान्येच्या मुलांना चिडवणं, हे चालतं. देणाऱ्यांत आपणही असतो. आंतरराष्ट्रीय संहितेत वंश आणि रंगासोबत धर्माचाही स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या स्पर्धेच्या छापील नियमांत मात्र चेंडू हरवला तर काय, हे असतं आणि शिवी दिली तर काय, हे नसतं.

ते लिहून घ्यायला पैसे लागत नाहीत. तुम्ही आयोजक असाल तर तक्रार कुणाकडे करायची ते एका नावासह जाहीर करा. दोन्ही संघांशी संबंध नसलेली तीन माणसं आधीच ठरवा. दोघांचं म्हणणं वेगवेगळं ऐका, त्याच दिवशी लिहून घ्या आणि निकालाची चार ओळींत का होईना कारणं द्या. तुम्ही तक्रारदार असाल तर ऐकलेला शब्द त्याच भाषेत, जसाच्या तसा, लगेच मोबाइलवर लिहून ठेवा. कोण कुठे उभं होतं तेही लिहा. राग कितीही असला तरी एकदा ऐकलेलं दहादा ऐकल्याचं सांगू नका, कारण वाढवलेला एक शब्द तुमचे नऊ खरे शब्द बुडवतो. आणि तुमच्या संघातल्या कुणावर आरोप झाला, तर ‘आमचा मुलगा असं करणारच नाही’ म्हणण्याआधी तक्रार वाचा. सुआरेझवर बंदी येताच लिव्हरपूलच्या खेळाडूंनी त्याच्या पाठिंब्याचे टी-शर्ट घातले होते. त्यांच्यातल्या जेमी कॅराघरने अनेक वर्षांनी एव्हराची समोरासमोर माफी मागितली. ११५ पानं तोवर कुणालाही वाचायला उपलब्ध होती.

येत्या हिवाळ्यात आपल्या भागात स्पर्धा भरतील तेव्हा नियमांचा कागद मागून घ्या. त्यात हे कलम नसेल तर आयोजकांकडे ते लिहून द्या. सामना सुरू होण्याआधी ठरलेलं माप दोन्ही संघ मान्य करतात. शिवी देऊन झाल्यावर ठरवलेलं माप कुणीच करत नाही.